दगडांची शेगडी काढून बसवलेल्या इन्फ्रारेड खोक्यांबाबत

प्रति,
मा. इमारत निरीक्षक,
नगरपालिका कार्यालय, कुओपिओ.

विषय : सामायिक सॉनातील शेगडी परत बसवून दि. २० नोव्हेंबरपूर्वी एक गुरुवार मिळण्याबाबत.
संदर्भ : माझ्यावरील बंदीची गृहसंस्थेची नोटीस, दि. ३ ऑक्टोबर.

महोदय,

१. अर्जदार ओइवा हुत्तुनेन, वय ७९. आमच्या इमारतीच्या तळघरातील सॉनात गुरुवारी सहा ते सात ही पाळी एकतीस वर्षे माझी व माझा थोरला भाऊ आर्मास (तिसरा मजला) याची आहे.

२. गृहसंस्थेच्या नव्या अध्यक्षा श्रीमती यानिका सावोलाइनेन यांनी आपल्या कार्यालयाच्या परवानगीविना दगडांची शेगडी उपटून सायकलींच्या खोलीत टाकली व एकेकच माणूस मावेल अशी दोन इन्फ्रारेड खोकी आणली. भिंतीवर "आरोग्याची दिनचर्या" चिकटवली आहे : वीस मिनिटे बसा, कानात समुद्राचा आवाज लावा, शरीरातील विष बाहेर टाका. माझ्यात विष आहे हे बाईंना कोणी सांगितले? दगड नाहीत, वाफ नाही. दिवा लावलेल्या कपाटात घाम गाळणे म्हणजे सॉना असेल, तर पाव भाजायच्या यंत्रालाही सॉनाच म्हणा.

३. पहिल्याच गुरुवारी मी सवयीने, वाफेसाठी तापल्या दगडांवर टाकावे तसे, समोर पळीभर पाणी टाकले. सत्तर वर्षांचा हात आहे, तो मला विचारून टाकत नाही. ठिणग्या उडाल्या, सबंध जिन्यातले दिवे गेले. बाई धावत आल्या, "अहो, डोकं ठिकाणावर आहे का? यंत्रावर पाणी टाकतात का!" मी म्हणालो, "मग दारावर सॉना कशाला लिहिलंत?" त्यावर मला तीन महिने बंदी. चोर सोडून संन्याशाला फाशी!

४. आता खरे कारण. १९९१ साली वडिलांच्या होडीवरून आम्हा भावांचे वाजले. तेव्हापासून आम्ही लिफ्टमध्येसुद्धा बोलत नाही. परंतु सॉनात भांडायचे नसते, हे आईने दोघांनाही शिकवले होते. त्यामुळे गुरुवारी एका बाकावर बसून सगळे बोलत आलो. शेगडीच्या शेवटच्या गुरुवारी तो म्हणाला, "ओइवा, होडीचं खरं काय झालं ते पुढच्या खेपेला सांगतो. आज फार तापलंय." पुढच्या खेपेला तो एका काचेआड होता, मी दुसऱ्या. २० नोव्हेंबरला त्याच्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे, असे वहिनी सांगते. हलकी वाफ डॉक्टरांना चालते, हेही तीच सांगते. मला भीती वाटते.

५. आपण म्हणाल, त्याचे दार ठोठावा. ठोठावले. आर्मासने उघडले. मी म्हणालो, "थंडी पडली." तो म्हणाला, "पडली खरी." मग आम्ही दोघे नुसते उभे राहिलो. शेवटी त्याने दार हळूच लावले.

सबब, २० तारखेपूर्वी एका गुरुवारपुरती तरी शेगडी बसवण्याचा व माझी बंदी उठवण्याचा आदेश व्हावा. त्यानंतर बाईंनी सबंध तळघर खोक्यांनी भरावे, मी हूं की चूं करणार नाही.

संतापलेला, तरीही आपला नम्र,
ओइवा हुत्तुनेन
दि. ४ नोव्हेंबर

सोबत : १. बंदीची नोटीस. २. सायकलींच्या खोलीतील शेगडीचे छायाचित्र.

टीप : पाळी दोघांची असल्याने अर्जावर आर्मासचीही सही लागते. ती घेतलेली नाही. मागायची तर त्याच्याशी बोलावे लागले असते.