सालईखालचा धूर

३ डिसेंबर १८६४, अमरावती
आजपासून रोजनिशी. कापसाच्या एजन्सीतला साहेब लिहितो, मग दलालानं का लिहू नये? तिकडे अमेरिकेत लढाई, म्हणून विलायतेला आमच्या वऱ्हाडचा कापूस गोड लागतो. भाव रोज चढतोय. माजघर, देवघर, स्वयंपाकघर, सगळीकडे कापूस भरून ठेवलाय. ठिणगी नको म्हणून चूल बंद. बायकोला, शकुनला, म्हटलं होतं, परवा हलवतो. हे म्हटलं ते दसऱ्याला. ती सध्या माहेरी आहे. हवापालटासाठी. तळ्याकाठची हवा चांगलीच असते.

५ डिसेंबर
सासरे भगवंतराव बाजारात भेटले. शकुनचा निरोप सांगितला. "आजवर बोललेलं एक तरी करून दाखवा म्हना, मंग येते मी." थट्टा असणार. दिवाळीत मी त्यांच्या गावामागचा देवीचा डोंगर चढून दाखवतो म्हणालो होतो, तेवढं नेमकं धरून बसली. शिखरावर पोचलेला माणूस ओला पाला जाळतो आणि धूर दिसला की खाली घरच्यांचा जीव भांड्यात पडतो, अशी तिकडची रीत. शकुन तळ्याच्या घाटावर बसून बघणार. धूर दिसला की गाठोडं बांधणार. ही काय अट झाली? साहेब लोक चिखलदऱ्याला असे डोंगर नाश्त्याआधी चढतात.
ठराव: उद्या पहाटेपासून एक्सरसाइज.

६ डिसेंबर
थंडी फार. एक्सरसाइज उद्या.

८ डिसेंबर
मोच्याकडून साहेबासारखे बूट शिवून घेतले. घालून फिरलो नाही, उगाच झिजतील. कापूस हलवायला गाडीवाला आला होता. भाव आणखी चढेल असं वाटलं, परत पाठवला. शकुनला सांगायची गरज नाही.

१० डिसेंबर, सासुरवाडी
तळ्यात डोंगर उलटा दिसतो. उलटा पाहिला तर अगदीच किरकोळ आहे. रात्री गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे रोडगे, वांग्याची भाजी, वरून तूप. जावयानं नको म्हणायचं नसतं, म्हणून खात गेलो. वाढायला शकुन होती. वर पाहिलं नाही, बोलली नाही. फार वाईट वाटलं. मग आणखी एक रोडगा आला.

११ डिसेंबर, सकाळ
निघालो. सोबत सासूबाई, म्हणजे गंगूबाई. त्यांना देवीची ओटी भरायची आहे. सासू जावयाशी थेट बोलत नाही, त्यामुळे त्या डोक्यावर पदर ओढून वाटेतल्या झाडांशी बोलतात. बाभळीला म्हणाल्या, "जावईबुवाले दम लागला वाटते." मीही एका दगडाला सांगितलं की दम नाही, व्ह्यू पाहतोय. बूट चावतात.

त्याच दिवशी, ऊन डोक्यावर
अर्ध्या वाटेवर मोठी सालई. इथून गाव, तळं, घाट, सगळं दिसतं. घाटावर एक ठिपका आहे, शकुनच असणार. सासूबाई पुढे गेल्या. जाताना सालईला बरंच काही सांगत होत्या, इथं इस्तू, म्हणजे विस्तव, करू नये का काय ते. झाडाला सांगितलेलं मी कशाला ऐकू?
आता विचार केला तर धूर हा शेवटी धूरच. तो वरून निघाला की मधून, हे खालून कुणाला कळणार? पाला गोळा केला. पेटवला. झकास धूर! ठिपका उठून उभा राहिला. जिंकलो. बूट काढून जरा पडतो.

त्याच दिवशी, संध्याकाळ, बाजेवर
गलक्यानं जाग आली. समोर शकुन. अनवाणी, पायाला काटे, धापा टाकतेय, रडतेय. मागून चार गडी बाज घेऊन. सालईखालून धूर निघाला की वाटेत कुणीतरी पडलं, मेलं, असा इथला अर्थ म्हणे. सासूबाईंनी झाडाला तेच सांगितलं होतं.
मी उठून बसलो. काही झालं नाही, म्हटलं. शकुननं माझ्याकडे पाहिलं, विझत्या आगीकडे पाहिलं, बुटांकडे पाहिलं. डोळे पुसले आणि तशीच वर चढायला लागली. तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.
गडी म्हणाले, रिकामी बाज खाली न्यायची नसते, अपशकुन होतो. म्हणून निजलो. निम्म्या वाटेत होतो तेव्हा शिखरावरून धूर निघाला. सरळ, दाट. खालून स्पष्ट कळतं, वरचा कोणता आणि मधला कोणता.

१२ डिसेंबर
धूर शिखरावरून निघाला ना? तो कोणी करायचा हे अटीत नव्हतं. हा मुद्दा सासऱ्यांपुढे मांडला. ते तंबाखू मळत राहिले. शकुन दारात आली आणि पहिल्यांदा माझ्याशी बोलली. "डोंगरावरचा धूर म्या केला. आता घरच्या चुलीचा तुमी करा. तो निंगाला का कळवा, मी येईन."
रोडग्यांची पुरचुंडी मात्र तिनंच हातात दिली. म्हणजे राग नाही.

१४ डिसेंबर, अमरावती
घरी पोचलो. शेजारचे गयासुद्दीन विचारत होते, "भाबी आल्या नाही?" म्हटलं, येताहेत, चूल पेटली की येतील. त्यांनी माझ्या बिनधुराच्या छपराकडे पाहिलं.
ठराव: उद्या सगळा कापूस बाहेर. परवा चूल.

१५ डिसेंबर
गाडीवाला दारात उभा होता. पण साहेबाचा कारकून सांगून गेला की पुढच्या आठवड्यात भाव चढेल. गाडी परत पाठवली. आठवड्याचा तर प्रश्न.
पुरचुंडीतला शेवटचा रोडगा काढला. दगडासारखा झाला होता. गरम करायला विस्तव नव्हता, तसाच खाल्ला.