नऊची सोळा झाली

१ ऑक्टोबर २०२५, खंडेनवमी

कंपनीत यंत्रपूजा झाली. बॉयलर, कंप्रेसर, पाने – सगळ्यांना दरवर्षी हळदकुंकू असतं. या वर्षी मी टॅबलेटलाही लावलं. जुलैपासून आमच्या सगळ्या कामांच्या तारखा त्याच्या कॅलेंडरमध्येच असतात. ज्यावर काम चालतं ते हत्यारच. टॅबलेट चालू होता. कुंकू काचेवर सांडलं. करीमने फडकं दिलं, मी पुसलं.

"दादा, ह्याला प्रसाद पण चारा. चार्जिंग तरी टिकेल."

बारा वर्षं माझ्या हाताखाली बॉयलर सांभाळतोय करीम. पूजेच्या आदल्या दिवशी बॉयलर घासूनपुसून ठेवतो तोच.

९ ऑक्टोबर

वाईट दिवस. बॉयलर तपासायला सरकारी साहेब सकाळीच दारात उभे, आणि बॉयलर पेटलेला. तपासणीआधी दोन दिवस तो विझवून, थंड करून, उघडून ठेवावा लागतो. कॅलेंडरमध्ये तपासणी सोळा तारखेला दिसत होती. करीम त्याप्रमाणे चालला होता. साहेब चहाही न घेता गेले. परवान्याची मुदत आज संपली. उद्यापासून प्लांट बंद.

तपासणीचं पत्र मीच वाचलं होतं. तारीख मीच भरली होती. सोळा कशी झाली? पूर्वी फळ्यावर खडूने लिहायचो तेव्हा तारीख डोक्यात बसायची. आता बोट लावतो आणि विसरतो.

१० ऑक्टोबर

टॅबलेटमध्ये 'मागचे बदल' नावाचं पान आहे. आज पहिल्यांदा उघडलं.

बॉयलर तपासणी – ९ वरून १६. केव्हा – १ ऑक्टोबर, सकाळी १०.१२. कोणी – माझं नाव.

महिन्याच्या पानावर नऊच्या बरोबर खाली सोळा आहे. कुंकू पुसताना फडकं वरून खाली नेलं, नोंद सोबत सरकली. एवढंच.

टॅबलेट सगळ्यांसाठी माझ्याच नावाने उघडतो. म्हणजे ही नोंद पाहूनही मला कुणी धरणार नाही – हा विचार माझ्या मनात आला! मी ते पान बंद केलं.

१३ ऑक्टोबर

चौकशी. मॅनेजर उदयसिंह साहेबांच्या केबिनमध्ये. करीम उभा, मी खुर्चीवर.

"टॅबलेट कुणाच्या ताब्यात असतो?" साहेबांनी करीमला विचारलं.

"माझ्या, साहेब."

"मग तारीख काय भुताने हलवली?"

"मी नाय हलवली, साहेब. मला सोळाच दिसत होती."

"कॅलेंडर आपल्या मनाने हलतं होय रे? चार दिवस प्लांट बंद आहे." मग माझ्याकडे वळून – "नंदकुमार, तुम्हाला काही माहीत आहे?"

"बघावं लागेल," मी म्हणालो.

वय एकोणपन्नास. मुलीचं, क्षिप्राचं कॉलेजचं शेवटचं वर्ष. गावच्या शाळेतून इथवर आलो ते कुणी बोट दाखवू नये असं वागून. ही सगळी कारणं खरी आहेत, आणि एकही कामाचं नाही.

१४ ऑक्टोबर

जपाला बसलो. माळ हातात होती. नाम आलं नाही.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

ईदला करीमची बायको खुर्शीद शिरखुर्मा पाठवते, दिवाळीला आमचा फराळ जातो. बायकोने, जयमालाने डबा भरून ठेवलाय. तीन दिवस झाले.

"आपल्या उलव्याहून त्यांचं करंजाडे असं किती लांब आहे हो?"

मग तिला सगळं सांगितलं. ती चकल्या बरणीत रचत होती. हात थांबले.

"देवाला सांगितलंत?"

"रोज सांगतो."

"त्याला काय सांगायचं? पूजेला तो तिथेच होता. साहेबांना सांगा."

२७ ऑक्टोबर

तपासणी पुन्हा झाली, प्लांट चालू. साहेबांना मेल लिहायला घेतली. तीन ओळी झाल्या. पाठवली नाही. 'मसुद्यात जतन केलं' असं खाली आलं.

३० ऑक्टोबर

मसुद्यातच आहे.

३१ ऑक्टोबर

करीमला काढलं. त्याने बॉयलर रूमची किल्ली माझ्या हातात दिली.

"दादा, नवीन माणसाला सांगा, डावीकडचा व्हॉल्व्ह हळू फिरवायचा. जोर केला तर अडकतो."

"सांगतो," म्हणालो. त्याच्या बारा वर्षांवर मी एवढंच बोललो.

१ नोव्हेंबर

नवीन माणूस दुपारी विचारत होता, कॅलेंडरमधली तारीख पक्की धरायची ना? हो म्हणालो. दिवा लावला, पण समोर बसवेना.

२ नोव्हेंबर, रविवार

करंजाड्याला गेलो. बसलो आणि सांगून टाकलं – मी पुसलं, मी हलवली, दहा तारखेपासून मला माहीत होतं. खुर्शीद पाणी ठेवून आत गेली.

करीमने मोबाइल पुढे केला. तारीख बदलली की कॅलेंडर त्याला आपोआप मेल पाठवतं, मला ठाऊकच नव्हतं. १ ऑक्टोबर, १०.१२. पूजेची वेळ. ती मेल त्यानेही प्लांट बंद पडल्यावरच उघडली होती. चौकशीला तो उभा होता तेव्हा हा मोबाइल त्याच्या खिशात होता.

"दाखवली का नाहीस रे?"

"तुम्ही बोलाल असं वाटलं, दादा. एकतीसपर्यंत वाट बघितली."