नवारीची निरगाठ

तामलवाडी, ता. तुळजापूर
दि. १२ मे १९८६

चि. मच्छिंद्र यास,

अक्काचे अनेक आशीर्वाद. आम्ही इथं आहोत तसे आहोत. तू खुशाल असशील असं लिहायची रीत हाय म्हणून लिहिते.

तुझी सगळी पत्रं पोचली. पोस्टमननं हाक मारली की मामा पारावरनं थुंकतात, त्यामुळं तुझं पत्र आलं हे गावाला माझ्या आधी कळतं. उत्तर दिलं न्हाई, कारण द्यावंसं वाटलं न्हाई.

इकडं उन्हानं जीव नकोसा केलाय. धाकटीला गोवर आला होता, आता बरी हाय. म्हैस चाऱ्यावाचून हाडाला लागली. तळं पार आटलं. सोसायटीच्या जॅकवेलमध्ये, जिथनं तळ्याचं पाणी वर ओढायचे, तिथं आता पोरं गुडघाभर चिखलात उभी राहून मासे धरतात. दोन महिने कळ काढली असती तर कुणाला बुडी मारायची गरजच पडली नसती. हे तुला टोचायला लिहीत न्हाई. टोचलं तर टोचू दे.

महिन्याअखेर रजा घेऊन येतो म्हणालास. येऊ नकोस.

मामा रोज पारावर सांगतात, सुनेच्या नेव्हीतल्या पाणबुड्या भावानं बोटीवरचं खूळ आणलं आणि माझा लेक खाल्ला. लोक माना हलवतात. मीही मान हलवते. तू एस.टी.तनं उतरलास की पाय मोडीन म्हणालेत, आणि मोडतील. या वयात दुसरं काही मोडायला उरलं न्हाई त्यांच्यापाशी.

दिवाळीतला ओटा आठवतो का तुला? पाण्याखाली उतरून पंपाची जाळी साफ करता यावी म्हणून परसातली गंजकी लोखंडी मोट तू फोडलीस. तिचा पत्रा ह्यांच्या पाठीला लावून कोळशानं खुणा केल्यास. ह्यांना गुदगुल्या व्हायच्या आणि तू ओरडायचास, "दाजी, हलू नका, माप चुकतंय." मग लोहाराकडनं पत्र्याला चिरा पाडून आणल्यास. भंगार बाजारातली ती हवेची टाकी पत्र्याला आवळलीस आणि एकच लांब पट्टा चिरांतनं ओवून खांद्यावरनं, काखेतनं कमरेला आणलास. कमरेवर तुझं ते मुंबईचं बकल. तुझं एकच पालुपद होतं, "काही झालं तरी एका हातानं सुटलं पाहिजे. बकल ओढलं की पत्रा, टाकी, सगळं खाली आणि माणूस वर."

मामा तंबाखू मळत ऐकत होते. म्हणाले, "लेकराला इहिरीत सोडताना सुटणारी गाठ कोण बांधतं रं?"

तू हसलास. तिथं तू चुकलास, मच्छिंद्र. उंटावरचा शहाणा तू. या घरातली रीत तुला ठाऊक होती. माणूस विहिरीत उतरला की घरातल्या मोठ्यानं त्याच्या कमरेला निरगाठ मारायची आणि वर आल्यावर त्याच हातानं सोडायची. सुरगाठ मारली तर पाण्यातल्या आसरा ओढून नेतात. आपल्या आईनंही विहिरीच्या कडेला त्याच साती आसरांना हळदीकुंकू वाहिलंय. तू शिकलास आणि विसरलास. म्हाताऱ्याला चार शब्द समजावून सांगायला तुझी जीभ झडली न्हवती.

होळीच्या आधी जॅकवेलमधल्या पाइपाच्या तोंडाची जाळी गाळानं आणि बेशरमाच्या फांद्यांनी बुजली. ऊस उभा वाळत होता. हे सोसायटीचे पंप चालवणारे, शिवाय पट्टा ह्यांच्याच मापाचा. मी भाकरी घेऊन गेले तेव्हा हे तयार होऊन काठावर बसले होते, आणि मामा त्यांच्या कमरेला नवार बांधत होते. स्वतःच्या बाजेची सुती नवार. बकलावरनं घेऊन, पत्र्याच्या चिरेतनं काढून, दातानं ओढून निरगाठ मारली.

हे हसत म्हणाले, "बाबा, मच्छिंद्र रागवंल की."

"त्यो दर्यातला. हितल्या आसरा त्याला वळखत न्हाईत."

बापाचं मन मोडायला ह्यांना कधी जमलं न्हाई. तसेच उतरले.

पुढचं तुला पोलीस पाटलांच्या तोंडून कळलंय. पत्र्याची कड जाळीत अडकली. वरनं दोर ओढला तसा पत्रा आणखीच घट्ट बसला. पाण्यावरचे बुडबुडे थांबले. दोघातिघांनी बुड्या मारून ओढूनताणून वर काढलं तवर सगळं संपलं होतं. बकल सुटलं न्हाई म्हणून माणूस गेला, असं कागदावर लिहिलंय. ते मी सांगितलं म्हणून लिहिलंय.

तू प्रत्येक पत्रात एकच विचारतोस. बकल अडकलं का? पाण्यात उतरवत न्हाई म्हणतोस, साहेबांनी कोठारात बसवलंय म्हणतोस. तर वाच.

बकल उघडं होतं.

ह्यांनी ओढलं आणि ते एका हातानं सुटलं, तू म्हणाला होतास तसंच. वरची निरगाठ सुटली न्हाई. सुती नवार, भिजून आवळलेली. ह्यांची नखं बोटांना राहिली न्हवती. नवारीचे धागे दातांत होते.

बाकीचे डॉक्टर आणा, जीप आणा करत धावत होते. मामा ह्यांच्या पायाशी बसून माझ्याकडं बघत होते. इतकं भ्यालेलं माणूस मी जन्मात बघितलं न्हाई. मी विळ्यानं नवार कापली, पदराखाली घेतली आणि बकल दाबून बसवलं. लोक गोळा झाल्यावर मी म्हणाले, बकल अडकलं. मामांनी तो शब्द माझ्या तोंडातनं उचलला. आता तो त्यांचाच झालाय. खरंच तसं झालं असं त्यांना वाटतं. नवार मी त्याच दिवशी चुलीत घातली.

का केलं म्हणशील. आपल्या गाठीनं लेक गेला हे म्हाताऱ्याच्या मनात बसलं तर तो त्याच विहिरीत उडी घेईल. तो हाय तवर या घरात माझी चूल हाय. तो गेला की ह्यांचे चुलतभाऊ मला दोन पोरींसकट दारात उभं करतील. मग मी कुठं जाऊ? तुझ्या बोटीवर? मला तुम्हा दोघांतला एक माणूस ठेवायचा होता. मी त्यांना ठेवलं. तुला नोकरी हाय, पोटाला हाय, अंगात जोर हाय. तू हे ओझं वाहशील. सुक्याबरोबर ओलंही जळतं, मच्छिंद्र. या वेळी ओलं तू.

राग येतो मला त्यांचा. ताटात भाकरी टाकावीशी वाटत न्हाई. तरी वाढते, आणि तुला शिव्या देत ते जेवतात तेव्हा वरनं तूपही घालते.

हे पत्र कुणाला दाखवलंस तर मी लिहिलंच न्हाई म्हणेन. पोरींच्या डोक्यावर हात ठेवून म्हणेन. तुझा पत्रा मामांनी खुराड्यावर झाकण म्हणून टाकलाय. बकल माझ्यापाशी हाय. पिठाच्या डब्यात ठेवलंय, कधी कधी काढून बघते. अजून एका हातानं सुटतं. ते तुला देणार न्हाई.

तू बांधलेलं चांगलं होतं. हे तुला एकदा सांगायचं होतं, सांगितलं. आता पाण्यात उतर, न्हाईतर कोठारात बस. रडायचं तर तिकडंच रड, तिकडं पाणी लई हाय. आमच्यात तुझं नाव घ्यायचं न्हाई अशी शपथ मामांनी सगळ्यांना घातली. मीही घेतली. म्हणून यापुढं पत्र टाकू नकोस. आलं तर पोस्टमनला परत ने म्हणेन.

वर सवयीनं अक्का लिहिलं, ते तेवढं शेवटचं.

श्रीपतीमामांची सून,
गजराबाई