आधी टप, मग ब्रेक

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, व्यवसाय गाड्यांच्या सीटा आणि कापडी टप शिवणे, पूर्ण शुद्धीवर राहून, कुणीही दडपण न आणता हे लिहीत आहे. डॉक्टरांनी फार तर तीन महिने सांगितले आहेत. डोकं अजून जागेवर आहे, याचा मला आनंद नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. केलं असतं तरी त्यात खरं लिहिलं नसतं.

कलम पहिले. राहतं घर, खालचं शिलाईचं दुकान आणि मागची शेड माझ्या धाकट्या भावाला मिळावी. तो नऊ वर्षांपासून माझ्याजवळ राहतो. स्वयंपाक तोच करतो. आज सकाळीही माझ्या गोळ्या वाटीत काढून, पाण्याच्या भांड्यावर झाकण ठेवून गेला. पाचवं कलम ऐकल्यावर त्याला हे घर नको झालं, तर ते माझ्या भाचीला, म्हणजे त्याच्या मुलीला द्यावं.

कलम दुसरे. जाड शिलाईचं मशीन, कात्र्या आणि सगळे साचे माझ्या हाताखाली चौदा वर्षं काम केलेल्या बाईला द्यावेत. ती तोंडाने फटकळ आहे, पण तिची शिलाई कधी उसवत नाही.

कलम तिसरे. शेडमध्ये ताडपत्रीखाली लाल रंगाची, दोन सीटांची, उघड्या टपाची शर्यतीच्या गाडीसारख्या घाटाची जुनी गाडी आहे. एका दातांच्या डॉक्टरने ती सीटा शिवायला माझ्याकडे आणली होती. सीटा तयार होईपर्यंत त्याचं तिच्यावरचं मन उडालं. भाऊ संध्याकाळी दुकानात आला, बॉनेट उघडून कितीतरी वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, सहा सिलिंडर, तीन कार्ब्युरेटर. असं आता कुणी बनवत नाही." कारखान्यात चौतीस वर्षं लेथवर उभं राहून त्याने दुसऱ्यांच्या मापाचे भाग कातले होते. स्वतःसाठी काही हवंय असं त्याच्या आवाजात मी पहिल्यांदाच ऐकलं. दोघांनी मिळून गाडी घेतली.

त्यापुढची दोन वर्षं सुखाची होती, हे इथे लिहून ठेवते. रेडिएटर गळत होता. दारांखालचा पत्रा बोट लावलं की भुसभुशीत होऊन पडायचा. जे भाग कुठेच मिळत नव्हते ते भाऊ जुन्या मित्राच्या लेथवर कातून आणायचा. तिन्ही कार्ब्युरेटर एका सुरात आणण्यात त्याचा अख्खा रविवार जायचा. भावजय म्हणायची, "वन्सं, माझ्या खोकल्याकडे यांनी एवढा कान कधी दिला नाही." असं म्हणत टॉर्च धरून ती तिथेच बसायची.

कलम चौथे. जुन्या गाड्यांच्या मंडळाचा जो सेक्रेटरी भावजय गेल्यावर भेटायला आला आणि निघताना "चाकं तरी शाबूत आहेत का?" असं विचारून गेला, त्याला या गाडीचा एक बोल्टसुद्धा देऊ नये.

कलम पाचवे. हे भावासमोर मोठ्याने वाचावं, घराच्या किल्ल्या त्याच्या हातात देण्याआधी.

गाडी रस्त्यावर यायच्या बेतात होती. भाऊ त्या आठवड्यात मुलीकडे गेला होता. गॅरेजवाल्या मिस्त्रीने गाडी जॅकवर घेऊन मला बोलावलं. "ताई, ब्रेकचे रबरी पाइप मूळचेच आहेत. वरून बरे दिसतात, आतून कुजलेत. या गाडीत चारही चाकांचं ब्रेकचं तेल एकाच लायनीतून जातं. एक पाइप फाटला की सगळे ब्रेक गेले. आधी हे बदलू." नवे पाइप यायला दोन महिने लागणार होते. टप माझ्याकडे शिवून तयार होता, आणि तो ताणून बसवायला गाडी चाकांवर उभी लागते. इतकं सुबक काम माझ्या हातून पूर्वी झालं नव्हतं. लोकांनी ते रस्त्यावर बघावं असं मला वाटत होतं. मी म्हणाले, "आधी टप. पाइप आले की ब्रेक. तोवर तो हळू चालवेल." मिस्त्री म्हणाला, "मग त्याला सांगून ठेवा." मी हो म्हणाले. भाऊ परत आल्यावर सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने गाडी जागची हलवली नसती.

टप बसवल्यावर सतराव्या दिवशी ते दोघं नवरा-बायको टेकडीच्या रस्त्याने उतरत होते. टप उघडाच ठेवला होता. वळणावर गाडी दगडी कठड्यावर गेली. भावजय जागीच गेली. भावाचा पाय मोडला.

पोलिसांनी लिहिलं, बेफाम वेग. भाऊ सांगत राहिला की पायाखालचा ब्रेक तळापर्यंत गेला. कुणी ऐकलं नाही. मुलीनेही नाही. तिने त्याच्याशी बोलणं टाकलं. हॉस्पिटलमध्ये त्याने माझा हात धरून विचारलं, "ताई, तू तरी सांग. ब्रेक लागला नव्हता ना?" त्याच दुपारी मिस्त्री फाटलेला पाइप माझ्या हातात देऊन गेला होता. "मी त्याला सांगते," असं मी मिस्त्रीला म्हणाले होते. आणि भावाला म्हणाले, "तू घाबरला होतास रे. तुला नीट आठवत नसेल."

हळूहळू त्यालाही तसंच वाटू लागलं.

पहिल्या वर्षी मला पोलिसांची भीती वाटली. नंतर ती भीती गेली. मग मी का बोलले नाही, तर खरं कळल्यावर तो हे घर सोडून गेला असता आणि मला एकटीने राहायचं नव्हतं. याहून बरं कारण नऊ वर्षं शोधते आहे. सापडत नाही.

पाइप मशीनच्या खालच्या खणात, कापडी पिशवीत आहे. तो भावाला द्यावा. गाडीचं काय करायचं ते त्याने ठरवावं.

कलम सहावे. भाचीला या कागदाची एक प्रत पाठवावी. बाळ, ज्या गोष्टीसाठी तू वडिलांना माफ केलं नाहीस, ती त्यांनी केलेली नाही. तो राग माझ्या वाट्याचा आहे.

कलम सातवे. माझ्या अंत्यविधीला यायची भावावर सक्ती नाही.

साक्षीसाठी मी मिस्त्रीला बोलावलं आणि पाचवं कलम वाचायला दिलं. त्याने पेन खाली ठेवलं. "म्हणजे तुम्ही त्याला कधीच सांगितलं नाही? माझ्या दुकानावरून तो मान खाली घालून जातो. मला वाटायचं, माझ्यावर रागावलाय." मग म्हणाला, "ताई, तो बाहेरच्या खोलीत बसलाय. आत्ता हाक मारा."

मी म्हणाले, "आत्ता सांगितलं तर हे तीन महिने मला त्याच्याशिवाय काढावे लागतील."

तेवढ्यात भावाने दारावर टकटक केली. "ताई, झालं का तुमचं? भात निवतोय. मिस्त्रींनाही जेवूनच जाऊ दे."

"आलेच," मी म्हणाले.

मिस्त्रीने माझ्याकडे न बघता सही केली. जेवायला तो थांबला नाही.

लिहून देणार : स्वतः, सही
साक्षीदार एक : गॅरेजवाला मिस्त्री, सही. पाचवं कलम खरं आहे. पाइप मीच काढला.
साक्षीदार दोन : शेजारची औषधवाली, सही. मजकूर वाचलेला नाही, फक्त सही होताना पाहिली.
स्थळ : राहत्या घरातील शिलाईची खोली
दिनांक : एकोणीस फेब्रुवारी, दुपारी