धाकट्याला कोण सांगणार

प्रिय बाबा,

फोन केला असता तर माझा आवाज चढला असता आणि तुम्ही नेहमीसारखं ‘थांब, आईला देतो’ म्हणून सुटला असतात. म्हणून लिहितेय. शेवटपर्यंत वाचा.

आई म्हणाली, तुम्ही बटाटे उकडलेलं पाणी पिता. डॉक्टरांनी ते ओतून द्यायला सांगितलंय. त्यातलं पोटॅशियम बाहेर टाकणं तुमच्या मूत्रपिंडांना आता झेपत नाही. रक्तात साचलं तर हृदय बंद पडू शकतं. आणि तुम्ही आईची पाठ वळली की ‘सगळा कस यातच असतो’ म्हणत, वर मीठ घालून पेला रिकामा करता! जन्मभर लोकांची घड्याळं दुरुस्त केलीत. कुणी नको तिथे तेल सोडलेलं दिसलं की दुकान डोक्यावर घ्यायचात. स्वतःच्या यंत्राला मात्र काहीही चालतं. बरं वाटतंय म्हणून रक्तदाबाची गोळी बंद, पाठ दुखली की मूत्रपिंडांना घातक असलेली वेदनाशामक गोळी सुरू. मूत्रपिंडाचं गेलेलं बळ परत येत नाही, बाबा. उरलेलं जपायचं, एवढंच हातात असतं. डॉक्टर हे सांगतात आणि तुम्ही शहाण्यासारखी मान डोलावता.

पण हा राग जुनाच आहे. नवा वेगळा आहे. तुमचे रिपोर्ट दाखवायला मी गेले, तर डॉक्टरांनी मलाच विचारलं, तुम्हा भावंडांची तपासणी झाली का? ‘हा आजार घराण्यात चालत येतो, तुमच्या वडिलांना मी पहिल्याच भेटीत बजावलं होतं,’ असं ते म्हणाले. आईला बाहेर बाकावर बसवून तुम्ही एकटेच आत जायचात, ते यासाठी होय!

मी सोनोग्राफी करून घेतली. माझ्याही दोन्ही मूत्रपिंडांत पाण्याच्या गाठी आहेत. काम अजून नीट चाललंय. गोळी सुरू झालीय, मीठ कमी केलंय. वेळेत कळलं, पण तुमच्यामुळे नाही.

आता धाकटा. ‘बाबांना माझं मूत्रपिंड देणार’ म्हणून तो जगभर सांगत फिरतोय, आणि तुम्ही कौतुकाने ऐकून घेता. त्याचं डोकं सारखं दुखतं. तुमच्याच डब्यातल्या वेदनाशामक गोळ्या खातो. त्याने रक्तदाब एकदाही मोजलेला नाही. हाच आजार त्यालाही असू शकतो, मग तो तुम्हाला काय देणार? आजार घराण्यातला आहे हे आईला माझ्याकडून कळलं, आणि तिने विचारल्यावर, त्याचं लग्न ठरेपर्यंत गप्प राहायचं, असं तुम्ही तिला म्हणालात. रविवारी तो घरी येतोय. मीही येतेय. तुम्ही सांगा. नाही सांगितलंत तर मी सांगेन. मग तो विचारेल, बाबांना हे माहीत होतं का? तेव्हा मी तुमच्यासाठी खोटं बोलणार नाही.

चिडलेली, तरी तुमचीच,
थोरली