भोंगा, मीटर आणि आल्बी

३ मार्च, सोमवार
मेहुणीचा, लोरनाचा, ॲडलेडहून फोन. शनिवारी येते म्हणाली — बापाला न्यायला. तिथल्या वृद्धाश्रमात खोली मिळाली आहे. आल्बी, म्हणजे माझे सासरे, कालही कुणाला न सांगता धक्क्यावर गेले होते. मासे धरायला. गळ घरीच.
बायको, ग्लेनिस, बहिणीशी भांडली आणि माझ्याकडे वळली. "नेव्हिल, एवढा शेडमध्ये खुडबुडत असतोस. दाराला काहीतरी लाव ना! बाबा बाहेर पडले की कळेल तरी. मग लोरनाला काय बोलायला उरतंय?"
खुडबुडत!

४ मार्च
लावला. दार उघडलं की भोंगा. चौकटीला चुंबकाचा स्विच, खाली बारा व्होल्टची बॅटरी.
शेजारचा ट्रेव्हर, परवानाधारक इलेक्ट्रिशियन, कुंपणावरून — "दुकानात तयार मिळतो, प्रोफेसर."
त्याचं सोल्डरिंग मी पाहिलं आहे.

६ मार्च
मोजल्याशिवाय काम पुरं झालं असं मी म्हणत नाही. बॅटरी १२.६ व्होल्ट. व्होल्ट मोजणं सोपं, दोन टोकांना तारा टेकवल्या की झालं. करंटला तसं चालत नाही. तार सोडवून मीटर मधे घालावा लागतो, सगळा प्रवाह त्याच्या पोटातून जातो. भोंगा गप्प असताना १.९ मिलिअँप. देखणा आकडा! जराही हलेना. म्हटलं, राहू दे लावलेला, सकाळी पुन्हा बघू. ग्लेनिसला बोलावून दाखवला.
"छान," म्हणाली. तव्यावर मटणाचे चॉप्स करपत होते.

७ मार्च
आल्बी पुन्हा बाहेर पडले. भोंगा वाजला नाही. ट्रेव्हरने धक्क्याच्या पायऱ्यांवरून आणलं. पँट कमरेपर्यंत ओली.
मीटर मधेच होता. त्याचा फ्यूज दोनशे मिलिअँपचा, भोंग्याला लागतात सहाशे. दार उघडताच फ्यूज उडाला, भोंगा मुका.
माझ्या जोडणीत काही दोष नाही.

८ मार्च, शनिवार
लोरनाने आल्याआल्या बापाची बॅग काढली. "यंत्र चाललं नाही. विषय संपला." ट्रेव्हर आमचाच चहा पीत बसलेला. नेमका आजच.
म्हटलं, "यंत्र ठीक आहे. मीटर मी मधे विसरलो."
ट्रेव्हरने कप खाली ठेवला. "करंटवर? लावलेलाच? अरे, आमच्याकडे पहिल्या आठवड्यात शिकाऊ पोरांना हेच —"
"हो."
मीटर काढला, तार जोडली, दार उघडलं. लोरनाने कानावर हात ठेवले. पुन्हा उघडलं. पुन्हा वाजला.
आल्बी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "म्हणजे मला यानेच बाहेर सोडलं होय!"
लोरना एकटीच परत गेली. ईस्टरपर्यंत बघते म्हणाली.

१२ मार्च
आल्बींनी टोस्ट खाताना पुन्हा विचारलं, "तो मीटर मधे विसरला कोण रे?" अगदी पहिल्यांदाच विचारावं तसं.
तीन सकाळी खरं सांगितलं. आज म्हटलं — ट्रेव्हर.