लीव्ह म्हणजे सोडणे

ता. ९, मंगळवार

प्रिय ताई,

नमस्कार. तुझे गुडघे आता कसे आहेत? शाळेतून निवृत्त झालीस तरी भावजींना व्याकरण शिकवणं चालूच असेल, आणि ते बिचारे ऐकून घेत असतील. आमच्याकडे सगळे खुशाल. ह्यांची दिवसपाळी आहे, मुलीची परीक्षा संपली. लाँड्रीतलं काम नेहमीचंच, इस्पितळाच्या चादरी संपता संपत नाहीत.

पत्राचं कारण म्हणजे आमचा कामगारांचा इंग्रजीचा वर्ग. परवा बाईंनी फळ्यावर ‘लीव्ह’ लिहिलं. मला वाटलं, हे तर येतंच. लहानपणी तूच घोकून घेतलं होतंस, लीव्ह म्हणजे सोडणे. पण बाईंनी इतके अर्थ सांगितले की डोकं गरगरलं. तू जरा सोपं करून लिही.

आणि एक सांग. ‘लीव्ह द स्टीम’ म्हणजे ‘वाफ सोड’ असा अर्थ होतो का? एखाद्या जुन्या पुस्तकात, एखाद्या देशात तरी? गृहपाठाला हवं आहे. येत्या सोमवारच्या आत उत्तर आलं तर बरं होईल.

झोप जरा कमी लागते, बाकी ठीक.

तुझी बारकी

ता. ११, गुरुवार

बारके,

पत्र आज दुपारी मिळालं. गुडघे आपल्या जागी आहेत, दुखतात म्हणून कळतं.

आधी धडा. लीव्ह म्हणजे निघणं. ‘आय लीव्ह होम ॲट सेव्हन’, मी सातला घरातून निघते. इथे ‘फ्रॉम’ घालू नकोस, माझा अर्धा वर्ग घालायचा. ‘फॉर’ घातलंस तर दिशाच फिरते, ‘लीव्ह फॉर होम’ म्हणजे घराकडे निघणं. बसमध्ये छत्री राहिली तर ‘आय लेफ्ट माय अम्ब्रेला इन द बस’. नोकरी सोडली, गाव सोडलं, तिथेही हेच क्रियापद. आणि जे आहे ते तसंच राहू देणं, हाही लीव्हच. ‘लीव्ह द डोअर ओपन’, दार उघडंच असू दे. नुसतं ‘लीव्ह इट’ म्हटलं तर, राहू दे, हात लावू नकोस.

आता तुझी वाफ. आपण पाणी सोडतो, कुत्रा सोडतो, वाफ सोडतो, म्हणजे अडवलेलं मोकळं करतो. त्याला इंग्रजीत लीव्ह म्हणत नाहीत. ‘लीव्ह द स्टीम’ म्हणजे वाफेच्या नादाला लागू नकोस. तुझ्या अर्थाच्या नेमकं उलट. जुनं पुस्तक नाही की दुसरा देश नाही. घोकून घेताना मी तुला एकच अर्थ दिला, ती चूक माझी.

पस्तीस वर्षं गृहपाठ तपासले. असलं वाक्य कुठली बाई देत नाही. सोमवारी काय आहे?

ताई

ता. १६, मंगळवार

ताई,

तुझं पत्र शनिवारी आलं. वाचून मी ते कपाटात टॉवेलांखाली दडवलं. ह्यांनाही काही बोलले नव्हते.

महिना झाला. मोठ्या इस्त्रीच्या रोलरखाली पाइप गळत होता. आमचे दुरुस्तीचे मिस्त्री जमिनीवर आडवे होऊन जोड उघडत होते. ते दुसऱ्या मुलखातले, आमच्यात मोडक्यातोडक्या इंग्रजीवरच निभावतं. मी वाफेच्या नळाच्या बंद चक्रीपाशी उभी होते. सुपरवायझर ओरडून गेला, मशीन कधी चालू होणार म्हणून. मी वाकून विचारलं, “स्टीम?” खालून ते म्हणाले, “लीव्ह द स्टीम.”

मी चक्री दोन वेढे फिरवली.

आधी नुसती वाफेची शिट्टी ऐकू आली. त्यांचा आवाज नंतर आला. मी लगेच बंद केली, पण त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले होते, आणि मान.

त्याच दिवशी मी जबाब दिला की मिस्त्रींनी वाफ सोडायला सांगितली. सुपरवायझरने इंग्रजीत ‘ओपन’ असं लिहिलं आणि मी सही केली. तेव्हा मला ते खरंच वाटत होतं. मिस्त्री इस्पितळातून सांगत होते, मी नको म्हणालो होतो. सगळे म्हणाले, स्वतःची चूक झाकतोय. त्यांना काढून टाकणार हे ठरल्यातच जमा होतं.

मग वर्गात ‘लीव्ह द लाइट ऑन’, दिवा चालूच राहू दे, हे वाक्य आलं आणि मिस्त्री खरं काय म्हणाले होते ते मला कळलं. तो वर्ग परवाचा नव्हता, ताई. तुला पत्र लिहिलं तेव्हा त्याला आठवडा उलटून गेला होता. रोज सकाळी लाँड्रीचं फाटक दिसलं की वाटायचं, नोकरी जाईल, खोट्या जबाबासाठी पकडून नेतील, मुलीला लोक काय म्हणतील. ताईनेच चुकीचं शिकवलं असं सांगून मोकळं व्हावं, हेही मनात आलं. म्हणून तुला विचारलं. तू कुठला तरी अर्थ काढून देशील आणि मी यातून सुटेन, एवढीच आशा होती.

काल चौकशी होती. टेबलामागे तीन साहेब. मिस्त्री खुर्चीत, बांधलेले हात मांडीवर उताणे ठेवून.

“त्यांनी ‘ओपन’ म्हटलं ना?” मोठ्या साहेबांनी विचारलं.

“नाही. ‘लीव्ह’ म्हणाले.”

“मग उघडली कशाला?”

“आमच्या भाषेत वाफ सोड म्हणजे चालू कर. मला तेवढा एकच अर्थ येत होता.”

“खरा अर्थ कधी कळला?”

“पंधरा दिवसांपूर्वी.”

साहेबांनी ते लिहून घेतलं. मग साहेबांनी सुपरवायझरला विचारलं, जोड उघडा असताना चक्रीला कुलूप का नव्हतं? मिस्त्रींची नोकरी राहिली. मला लेखी ताकीद मिळाली आणि चादरींच्या घड्या घालायला पाठवलं. सुपरवायझरचं अजून ठरायचंय.

बाहेर मिस्त्री थांबले होते. मला कळावं म्हणून एकेक शब्द सावकाश बोलले. “तुला समजलं नव्हतं, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्याचा राग नाही. पण समजल्यावर पंधरा दिवस गप्प का राहिलीस?”

ताई, सगळे शब्द कळले. उत्तर नव्हतं. ते निघून गेले.

पुढच्या महिन्यात ते कामावर येतील. घड्यांचं टेबल त्यांच्या खोलीच्या दारासमोरच आहे. रोज समोर येतील, कदाचित पुन्हा विचारतील. नाही विचारलं तर, याची जास्त भीती वाटते.

हे पत्र भावजींनाही वाचून दाखव. ह्यांना मी आज संध्याकाळी सांगणार आहे.

उत्तर शोधत असलेली,
तुझी बारकी